पेन्सिलीच्या पोटातलं

रंगीत पेन्सिलींनी काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास ऐकू येतो: महागड्या पेन्सिलींवर पैसे घालवू नका, साध्या संचाने रंगवा आणि वरून टर्पेंटाइनचा हलका हात फिरवा, फरक कळणारसुद्धा नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांनी दाखवलेलं चित्रही बहुधा देखणं असतं. कागदाचे पांढरे ठिपके बुजलेले असतात, रेघा विरून गेलेल्या असतात, रंग सलग पसरलेला असतो. तरीही या सल्ल्यामागचं एक गृहीत तपासायला हवं. टर्पेंटाइनसारखा द्रावक रंगात काहीतरी भर घालतो, असं त्यात धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात चांगला द्रावक कागदावर स्वतःचं काहीच मागे ठेवत नाही. पेन्सिलीने जे आधीच ठेवलं आहे, ते तो हलवतो आणि उडून जातो. त्यामुळे स्वस्त पेन्सिल आणि कलाकारांसाठी बनवलेली पेन्सिल यांच्यातला एक फरक तो झाकतो हे खरं, पण बाकीचे फरक तो उलट उघडे पाडतो. कोणता झाकला जातो आणि कोणते उघडे पडतात, एवढं नीट समजलं तर पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत हेही ठरवता येतं.

सुरुवात शिशापासून करावी लागेल. साध्या काळ्या पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचं भट्टीत भाजलेलं मिश्रण. रंगीत पेन्सिलीचं शिसं असं भाजता येत नाही, कारण त्या तापमानाला सेंद्रिय रंगद्रव्यं आणि मेण जळून जाईल. म्हणून रंगद्रव्य, भरीसाठी केओलिन, टाल्क किंवा खडूची पांढरी पूड, सगळं धरून ठेवायला सेल्युलोजपासून केलेला किंवा झाडाचा डिंक, आणि मेण किंवा तेल असा लगदा मळतात, बारीक भोकातून दाबून त्याच्या काड्या काढतात आणि सुकवून लाकडात बसवतात. मेणातही प्रकार आहेत. पॅराफिन स्वस्त आणि मऊ, मधमाश्यांचं मेण थोडं चिकट, ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नौबा मेण सगळ्यांत कडक. प्रिझमाकलर प्रीमियरसारख्या पेन्सिलींत मेणाचा भाग मोठा असतो. 1908 पासून बनत असलेल्या फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोसमध्ये तेलाचा. स्वस्त पेन्सिलीतही हेच घटक असतात. फरक पडतो तो प्रमाणात. या चारांपैकी चांगलं रंगद्रव्य सगळ्यांत महाग आणि भरीची पूड सगळ्यांत स्वस्त, त्यामुळे किंमत खाली आणायची असेल तर कुठे हात घातला जाणार हे उघड आहे. भरीची पूड म्हणजे भेसळ, असं मात्र समजू नये. तिच्यामुळे शिशाला ताकद येते आणि अतिशय जोरदार रंगद्रव्याचा जोर आटोक्यात राहतो. शाळेतलं मूल ज्या जोराने पेन्सिल दाबतं, तो जोर सहन करणारं शिसं बनवणं हेही एक कसब आहे आणि विद्यार्थ्यांच्या पेन्सिली त्यासाठीच बनवलेल्या असतात.

आता या चारांपैकी द्रावकात विरघळतं काय? मिनरल स्पिरिट किंवा टर्पेंटाइन मेणाला आणि तेलाला विरघळवतं. रंगद्रव्याचे कण त्यात विरघळत नाहीत, भरीची पूड विरघळत नाही, सेल्युलोजचा डिंकही विरघळत नाही. म्हणजे ‘रंग विरघळला’ असं आपण बोलतो तेव्हा खरं तर मेण सैल झालेलं असतं आणि त्यात अडकलेले कण मोकळे होऊन वाहू लागलेले असतात. कागद जवळून पाहिला तर त्याच्यावर बारीक उंचवटे आणि खळगे दिसतात. पेन्सिल उंचवट्यांवर रंग ठेवते. खळगे पांढरेच राहतात आणि तेच आपल्याला पांढरे ठिपके म्हणून दिसतात. ब्रश द्रावकात बुडवून, टिश्यूवर टिपून, जवळजवळ कोरडा करून छोट्या गोलाकार हाताने फिरवला की उंचवट्यांवरचं मेण सुटतं आणि रंगाचे कण खळग्यांत उतरतात. काही वेळात द्रावक उडून जातो. खळगे भरलेले असतात, पण उंचवट्यांवर साचलेली गुळगुळीत मेणाची साय निघून गेलेली असते, म्हणून कागद पुन्हा दोन-तीन थर घेऊ शकतो. सलग रंग आणि पुढच्या थरांसाठी जागा, हे द्रावकाचे दोन खरे फायदे. शिशात पुरेसं मेण असेल तर स्वस्त पेन्सिलीलाही ते मिळतात. कडक शिशाच्या ओरखड्यासारख्या रेघा, जागोजागी कमीजास्त पडलेला रंग, हातात जाणवणारा खरखरीतपणा, हे सगळं द्रावक मिटवतो. झाकला जातो तो हाच फरक, आणि तो छोटा नाही. सल्ला देणाऱ्यांना जे दिसतं, ते त्यांना उगाच दिसत नाही.

खरा निकाल मात्र कागद सुकल्यावर लागतो. स्वस्त आणि महाग पेन्सिलीचा एकेक चौकोन शेजारी रंगवून द्रावक लावला, तर ओल्या अवस्थेत दोन्ही सारखेच गडद आणि रसरशीत दिसतात. सुकताना स्वस्त पेन्सिलीचा चौकोन फिका आणि खडूसारखा होत जातो. याचं कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे. केओलिनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) साधारण 1.56, मेणाचा 1.44 च्या आसपास, मिनरल स्पिरिटचाही जवळपास तेवढाच आणि हवेचा 1. पांढऱ्या पुडीचे कण मेणात किंवा द्रावकात बुडालेले असतात तोवर दोघांच्या अपवर्तनांकांत फारसं अंतर नसतं. प्रकाश कणांच्या कडेवर फारसा विखुरला जात नाही आणि पूड जवळपास पारदर्शक होते. द्रावक उडाला, सैल झालेल्या मेणाचा काही भाग कागदाच्या तंतूंत मुरला आणि कणांच्या मधल्या फटींत हवा शिरली, की हे अंतर एकदम वाढतं. प्रत्येक कणाच्या कडेवर प्रकाश विखुरतो आणि रंगावर पांढुरकी छटा चढते. रंग बनवणाऱ्या उद्योगात हे जुनंच ज्ञान आहे: बंधक कमी आणि पूड जास्त झाली की रंगाचा थर निस्तेज आणि खडूसारखा होतो. ज्या शिशात भरीची पूड मोठ्या प्रमाणात असते, त्याला द्रावक लावणं म्हणजे त्याच्यापाशी मुळातच थोडं असलेलं मेण आणखी पातळ करणं. रंगद्रव्य भरपूर असलेल्या शिशात मात्र सुकल्यावरही रंगीत कणच दाटीने उरतात, म्हणून रंग कमी फिका पडतो. द्रावकाने स्वस्त पेन्सिल महाग होत नाही, असं मी म्हणतो ते या अर्थाने. कोरडं रंगवताना मेणाच्या चकाकीमागे जे लपून राहतं, ते द्रावक लावल्यावर लपत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कसबी हात स्वस्त पेन्सिलीतूनही अप्रतिम काम काढतो. मग दोष पेन्सिलीचा की हाताचा? कसबी हात काय करतो ते पाहिलं पाहिजे. तो थरांची संख्या वाढवतो, दाब कमी ठेवतो, शिसं सतत टोकदार ठेवतो आणि प्रत्येक थर सुकू देऊन पुढचा चढवतो. म्हणजे शिशात जे कमी आहे, त्याची भरपाई तो वेळाने करतो. मध्यम छटांमध्ये ही भरपाई पूर्ण होते. आकाशाचा फिका निळा, चेहऱ्यावरचा उजळ भाग, कापडाच्या हलक्या घड्या, अशा ठिकाणी स्वस्त आणि महाग यांतला फरक द्रावकानंतर खरोखरच नगण्य असतो. अडचण गडद टोकाला येते. पिकलेल्या जांभळाचा जवळपास काळा जांभळा किंवा गर्द हिरव्या सावलीतला निळसर काळोख मिळवायचा असेल तर कागदावर ठरावीक जागेत ठरावीक रंगद्रव्य पोहोचलंच पाहिजे. कागदाचे खळगे एका मर्यादेपर्यंतच माल घेतात. त्यातली अर्धी जागा पांढऱ्या पुडीने व्यापली तर कितीही थर चढवले तरी रंग एका पातळीवर येऊन थांबतो, आणि नंतरचा प्रत्येक थर फक्त आधीचा सरकवतो. तिथे हाताचं काही चालत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. विद्यार्थ्यांच्या चोवीस पेन्सिलींचा संच जेवढ्यात येतो, तेवढ्यात कलाकारांसाठीच्या पेन्सिली एखाद-दोनच येतात; एवढी तफावत कशी परवडणार? पण किंमत पेन्सिलीमागे मोजायची की रंगलेल्या जागेमागे, हा प्रश्न इथे विचारायला हवा. रंगद्रव्याने भरलेल्या शिशाचे दोन थर द्रावकाने पसरवून जो गडदपणा येतो, त्यासाठी फिक्या शिशाचे पाच-सहा थर लागत असतील तर स्वस्त पेन्सिल तितक्याच वेगाने झिजते. याने तफावत पूर्ण मिटते असा माझा दावा नाही. महाग पेन्सिल बहुधा महागच राहते. पण छापील किमतीवरून वाटते तितकी ती महाग नसते, आणि द्रावक वापरणाऱ्याच्या हाती तर ती आणखी पुरते. शिवाय कलाकारांसाठीच्या पेन्सिली बऱ्याचदा सुट्या मिळतात. साध्या संचांत बहुधा एक-दोन पेन्सिली आधी संपतात, बाकीच्या तशाच पडून राहतात आणि तरीही नवा संच घ्यावा लागतो. हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही.

द्रावक कोणता आणि कागद कोणता, यावरही निकाल पालटतो, म्हणून पेन्सिलीला दोष देण्याआधी तेवढं पाहून घ्यावं. रंगाच्या दुकानात सुटं मिळणारं मिनरल टर्पेंटाइन उग्र असतं आणि कागदावर पिवळसर अंश ठेवू शकतं. चित्रकलेच्या दुकानातलं शुद्ध केलेलं टर्पेंटाइन किंवा बिनवासाचं मिनरल स्पिरिट बरं. बिनवासाचं म्हणजे बिनवाफेचं नव्हे, तेव्हा खिडकी उघडी हवीच. टर्पेंटाइनची वाफ साधारण 35 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते. गॅमसोलसारख्या बिनवासाच्या द्रावकात हा आकडा 60 च्या वर आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तिथे उघडी बाटली आणि देवघरातली समई एका खोलीत असू नये. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मेण फारसं सुटत नाही. सुटतात ते काही विरघळणारे रंग, आणि मग कडेने डाग पसरतो. लहान मुलांच्या अंगाला लावायचं तेल किंवा खोबरेल वापरून पाहण्याची युक्ती फार सांगितली जाते. तेलाने रंग सुंदर एकजीव होतो, यात शंका नाही. पण ही तेलं उडून जात नाहीत आणि सुकतही नाहीत. ती कागदात राहतात, हळूहळू चित्राच्या हद्दीबाहेर पसरतात, आणि त्यांच्यावर पुढचा थर नीट बसत नाही. ओल्या चौकोनाचं जे देखणेपण मघाशी सांगितलं, तेच तेलाने कायम टिकल्यासारखं वाटतं, म्हणून स्वस्त पेन्सिलीला तेल लावलं की ती जास्त चांगली भासते. कागदाची किंमत देऊन मिळालेलं हे देखणेपण आहे. कागद चित्रकलेच्या वहीतला पातळ असेल तर द्रावक मागच्या पानापर्यंत पोहोचतो. 300 जीएसएमचा गुळगुळीत जलरंगाचा कागद घेतला तर साधी पेन्सिलसुद्धा आपल्या कुवतीइतकं देते. एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर आधी कागदावर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

इतका वेळ चित्र आज कसं दिसतं याबद्दल बोललो. पाच वर्षांनी ते कसं दिसेल, हा याहून मोठा फरक आहे आणि तो चित्र पूर्ण होतं त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. रंगद्रव्यं उजेडात टिकण्याच्या बाबतीत एकसारखी नसतात. गेरू, पिवळी माती, अंबर ही लोहाची खनिजं शतकानुशतकं टिकतात. थॅलोसायनिन निळा आणि हिरवा, काजळी काळा, टायटॅनियम पांढरा हेही भरवशाचे. याउलट भडक गुलाबी, किरमिजी आणि जांभळे पुष्कळदा रोडामिनसारख्या विरघळणाऱ्या रंगांपासून केलेले असतात, आणि ते उन्हात काही आठवड्यांत उडू शकतात. अमेरिकेत 1990 मध्ये स्थापन झालेल्या कलर्ड पेन्सिल सोसायटी ऑफ अमेरिका या कलाकारांच्या संघटनेने हा विषय लावून धरला, आणि त्यातून रंगीत पेन्सिलींच्या उजेडातल्या टिकाऊपणासाठी एएसटीएमचं डी 6901 हे मानक आलं. कारान डॅशच्या ल्युमिनन्स पेन्सिलींच्या नावापुढचा 6901 हा आकडा त्या मानकावरूनच घेतला आहे. पॉलिक्रोमोसच्या दांड्यावर चांदण्या छापलेल्या असतात; तीन असतील तर रंग सगळ्यांत टिकाऊ. शाळेसाठीच्या संचांवर अशी माहिती सहसा नसते, आणि तसं काही वचनही त्या बनवणाऱ्यांनी दिलेलं नसतं.

द्रावकाचा इथे थेट संबंध येतो. तोच रंग दाट थरात असेल तर वरचे कण उडाले तरी खालचे शिल्लक राहतात. पातळ पसरलेल्या थरात उजेड प्रत्येक कणापर्यंत पोहोचतो. द्रावक उंचवट्यांवरचा दाट रंग पातळ करून सगळीकडे पसरवतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण तो वापरतो, त्यानेच कच्चा रंग आणखी कच्चा होतो. अतिनील किरणं अडवणारी काच लावली की प्रश्न सुटतो, असंही काही जण म्हणतात. ती काच उडण्याचा वेग कमी करते, थांबवत नाही, कारण डोळ्यांना दिसणारा उजेडही कच्च्या रंगांना पुरतो. वर मारलेल्या व्हार्निशबद्दलही तेच.

मग प्रत्येकाने कलाकारांसाठीच्याच पेन्सिली घ्याव्यात का? असा निष्कर्ष काढणं म्हणजे मूळ सल्ल्यातलीच चूक उलट्या बाजूने करणं. एक तर प्रत्येक चित्राला पन्नास वर्षं जगायचं नसतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेचा कागद, सरावाची वही, छापण्यासाठी स्कॅन होणारं पुस्तकातलं चित्र, यांच्या कामी टिकाऊपणा येत नाही. तिथे साधा संच आणि चांगला कागद पुरेसा आहे. दुसरं म्हणजे ‘कलाकारांसाठी’ हा शिक्का सगळ्या छटांवर सारखा लागू होत नाही. नामवंत, महाग श्रेणींमध्येही काही गुलाबी आणि जांभळे कमी गुणांचे असतात आणि कंपन्यांच्या तक्त्यांत तसं लिहिलेलंही असतं. उलट साध्या संचातली विटकरी किंवा मातकट पिवळी पेन्सिल लोहाच्या रंगद्रव्याची असेल तर ती महाग पेन्सिलीइतकीच टिकेल, कारण ते रंगद्रव्य मुळातच स्वस्त आणि पक्कं आहे. जलरंगाच्या ट्यूबमध्ये रंगद्रव्याच्या किमतीप्रमाणे दर वेगवेगळे असतात. पेन्सिली मात्र बहुतेक श्रेणींत सरसकट एकाच दराने विकल्या जातात. म्हणजे महाग श्रेणीतली मातकट पेन्सिल घेताना आपण स्वस्त रंगद्रव्याला महाग दर देतो, आणि त्याच श्रेणीतला पक्का किरमिजी घेताना पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात. स्वस्त की महाग, हा निर्णय संचागणिक न घेता रंगागणिक घ्यायला हवा.

संचाबद्दलची माहिती वेष्टणावर नसली तरी ती घरी काढता येते. जाड कागदाच्या पट्टीवर प्रत्येक पेन्सिलीचा गडद चौकोन काढावा, अर्ध्याला द्रावक लावावा आणि दुसऱ्या दिवशी, पूर्ण सुकल्यावर, दोन्ही अर्धे शेजारी ठेवून पाहावेत. द्रावकाने काहीच हललं नसेल तर शिशात मेण कमी आहे किंवा ते प्लास्टिकसारख्या बंधकाचं आहे. हललं पण सुकून पांढुरकं झालं असेल तर भरीची पूड जास्त आहे. नंतर तीच पट्टी आडवी अर्धी ॲल्युमिनियम फॉइलने झाकून उन्हाच्या खिडकीत लावावी. पावसाळा सोडून दोन-तीन महिने ठेवली तरी कच्चे रंग आपलं नाव सांगतात. ही पट्टी कुठल्याही जाहिरातीपेक्षा आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण ती तुमच्या पेन्सिलींची, तुमच्या द्रावकाची आणि तुमच्या कागदाची असते.

राहिला तो मधला मार्ग: खालचे थर स्वस्त पेन्सिलीने आणि वरचे महाग पेन्सिलीने. खर्च वाचवण्याची ही पद्धत रूढ आहे आणि कोरड्या कामात ती चालतेही. द्रावक वापरायचा असेल तर मात्र थर थर म्हणून राहत नाहीत. वरून फिरवलेला ब्रश खालचं मेणही सोडवतो आणि खालची पांढरी पूड वरच्या चांगल्या रंगात मिसळते. खालचा गुलाबी कच्चा असेल तर तो उडाल्यावर त्याच्यासोबत बनलेली मिश्र छटाही बदलते. जांभळं निळं पडतं, त्वचेचा रंग हिरवट होतो. म्हणून खालचे थर स्वस्त पेन्सिलीने द्यायचेच असतील तर पट्टीवर पक्के ठरलेले मातकट, करडे आणि तपकिरी रंगच घ्यावेत, आणि तेही हलक्या हाताने. साध्या संचात भर म्हणून सुट्या पेन्सिली घेताना आधी एक पक्का किरमिजी, एक जांभळा, एक गडद निळा, एक काळपट हिरवा आणि एक भरीव पांढरी घ्यावी. पहिल्या दोहोंत टिकाऊपणाचा फरक सगळ्यांत मोठा असतो, पुढच्या दोहोंत गडदपणाचा. पांढरी पेन्सिल द्रावकानंतर वरून उजेडाचे ठिपके द्यायला लागते, आणि त्या कामाला टायटॅनियम भरपूर असलेलंच शिसं हवं, कारण टायटॅनियम पांढऱ्या रंगद्रव्याचा अपवर्तनांक 2.5 च्या वर असल्याने ते मेणात बुडूनही पांढरंच राहतं, तर खडू आणि केओलिन तिथे पारदर्शक होऊन खालच्या रंगात हरवतात.